तेरड्याच्या पुस्तकातली दोन पानं

मित्रांनो, मी जुना आहे, जाडजूड आहे आणि अजूनही मला स्वस्थ बसवत नाही. मला मोनोग्राफ म्हणतात. जगातले सगळे तेरडे, आणि फक्त तेरडेच, माझ्यात आहेत. तेरड्याची पिकलेली बोंडं हात लागताच फुटतात. माझा स्वभाव त्यांच्यावरच गेला असावा.

मला लिहायला एका अभ्यासकाची अकरा वर्षं गेली. देशोदेशींची वाळलेली रोपं मागवून त्याने एकेक तपासलं. एकाच झाडाला चौघांनी चार नावं दिली असतील, तर खरं कोणतं ते ठरवलं. १९५२ साली मी बेंगळुरूच्या एका कॉलेजात आलो. तिथे वाळलेली रोपं कागदावर चिकटवायचं काम देवाप्पांचं. एकादशीचं कीर्तन त्यांनी कधी चुकवलं नाही. नव्या मुलांना ते माझी ओळख करून देत, "बाकीची पुस्तकं म्हणजे भजन, दहा देवांची नावं येतात. हे कीर्तन. एकच अभंग धरायचा आणि त्याचा तळ गाठायचा." ते ऐकून मी फुगायचो.

१९५८च्या पावसाळ्यात सहलीहून रोपं ढिगाने आली. वाळवायचे कागद संपले. घाईत देवाप्पांनी एक ओला तेरडा माझ्यात दाबला आणि विसरले. आठवड्याने पाहतात तर समोरासमोरची दोन पानं रसाने घट्ट चिकटलेली. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि मला गुपचूप कपाटात ठेवलं. पाच वर्षं ती पानं आतल्या आत मला टोचत राहिली.

मग तिथल्या शिक्षिका वसुमतीबाई देवनहळ्ळीपुढच्या डोंगरातून एक तेरडा घेऊन आल्या. त्यांनी मला दोनदा चाळलं. तसा तेरडा कुठेच दिसेना. "नवीनच आहे," त्या म्हणाल्या. "याला आईचं नाव द्यायचं." आई जाऊन वर्षच झालं होतं. लेख टाइप झाला, पाकिटात गेला. मी मात्र तळमळत होतो. जुन्याच झाडाला नवं नाव छापलं, तर पुढच्या साऱ्यांचा घोळ आणि बाईंचं हसं.

तेवढ्यात देवाप्पा पुढे आले. "अक्का, स्वल्प थांबा. पाकीट चिकटवू नका."

"का? चिकटवायचा मान तुमचाच का?"

"तेच तर करून बसलोय. या पुस्तकाची दोन पानं माझ्या हातून चिकटलीत. पाच वर्षं झाली."

बाईंचा हात थांबला. "पाच वर्षं गप्प बसलात अण्णा? आणि कीर्तनात टाळ्या वाजवता?"

"म्हणून तर मागे बसतो."

किटलीच्या वाफेवर धरून देवाप्पांनी पान हलकेच सोडवलं. बाईंचा तेरडा तिथेच होता. नव्वद वर्षांपूर्वीच त्याला नाव मिळालं होतं. सापडलेलं रोप एकच, तेही वाळलेलं, फूल चुरगळलेलं. शेवटची ओळ होती, 'फुलाचा रंग माहीत नाही.'

बाईंनी लेख बाजूला सारला आणि पेन्सिलीने त्या ओळीपुढे बारीक लिहिलं, 'पिवळा, आत तांबडी रेघ.'

"आईचं नाव राहिलंच," देवाप्पा खालमानेने म्हणाले.

"सरी, असू दे. रंग तर तिच्या लुगड्याचाच आहे," बाई म्हणाल्या. "आणि येत्या एकादशीला पुढे बसा."

म्हणून सांगतो मित्रांनो, पुस्तकात ओलं फूल ठेवू नका. ठेवलंत तर लगेच सांगा, पाच वर्षं थांबू नका. माझ्या सतरा तेरड्यांपुढे अजूनही 'रंग माहीत नाही' असंच लिहिलेलं आहे. डोंगरात कधी निघताय?