काशीची जागा

"ताई, रेकॉर्डमध्ये नाव नाय ना, मग विषय संपला," विनीत वंशावळीचा कागद गुंडाळत म्हणाला. "परवा छपाईला देतोय."

"संपला कसा? आत्या काय खोटं बोलते?" शालन भडकली.

रतनआत्या खाटेवर बसून दोघांचं भांडण ऐकत होती. आपल्याला काशी नावाची थोरली बहीण होती, लहानपणीच तापानं गेली, हे ती जन्मभर सांगत आलेली. आधी धाकटे भाऊ हसायचे, आता भाचे हसत होते. फोटो नाही, दाखला नाही. आत्या गेली की काशीचं नावही गेलं! शालनला ते सहन होईना.

ती तहसील कचेरीत जाऊन बसली. 'आज साहेब नाहीत', 'उद्या या' हे सगळं ऐकून घेतलं, पण जागची हलली नाही. अखेर एकावन्न सालच्या खानेसुमारीची बाळकुमची, म्हणजे त्यांच्या गावची, पानं हाती आली. तिनं ती दोनदा वाचली. आजोबा काळुराम यांचं घरच त्यात नव्हतं. काशी राहू द्या, आजोबाही नाहीत आणि आत्याही नाही!

संध्याकाळी तिनं गावाचा जुना नकाशा आत्याच्या खाटेवर पसरला. "हे देऊळ, हे तळं. आपलं घर इथंच ना गं?"

"हव. पन ही मानसा लिवली कवा?"

"फेब्रुवारीत. घरोघरी जाऊन."

आत्या बोळक्या तोंडानं खदखदून हसली. "येडी गो तू! मिठाचे दिसान घरान कोन निजतं? आमी सगली मिठागरान." तिचं बोट गाव सोडून खाडीकडे सरकलं आणि एका लांबट पट्टीवर थांबलं. तिथं मिठागराचं नाव छापलेलं होतं.

ते नाव घेऊन शालन पुन्हा कचेरीत धडकली. मिठागरांवरच्या झोपड्यांची पानं गावाच्या गठ्ठ्यात नव्हतीच, वेगळी बांधून ठेवलेली. काळुराम. त्याची बायको. काशी, वय सात. रतन, वय चार. शालनला तिथंच रडू फुटलं.

मोबाइलवरचा त्या पानाचा फोटो बघून विनीत ओशाळला. "सॉरी, आत्या. घालतो नाव. शेवटी जागा आहे थोडी."

"शेवटी नको," आत्या म्हणाली. "माजे आधी लिव. ती मोठी हाय. मना कडेवर घ्यायची."

विनीतनं खोडरबर घेतलं आणि आत्याचं नाव पुसून एक ओळ खाली लिहिलं.