साहेबांचा फोन

मुखरू दोन्ही हात मांड्यांना चिकटवून खिडकीसमोर ताठ उभा होता. चौकटीला टेकवलेल्या मोबाइलमध्ये खाकी वर्दीतले साहेब दिसत होते. खुर्ची हातभर अंतरावर होती आणि बसायला कोणी मना केलं नव्हतं. पण बत्तीस वर्षं वनरक्षकाची नोकरी केलेला माणूस वर्दीसमोर बसणार कसा? निवृत्तीला चार वर्षं झाली, तरी गुडघ्यांची सवय सुटली नव्हती.

सकाळी दहापासून हे चाललं होतं. तुमच्या आधार कार्डावर दिल्लीत पार्सल पकडलंय, त्यात अमली पदार्थ निघालेत, असं साहेब म्हणाले. मुखरूने नागपूरच्या पलीकडे पाय ठेवला नव्हता, पण तेवढं सांगायचाही धीर होईना. कोणाला बोललास तर मुलीलाही उचलू, असा दमही त्यांनी भरला. सागाच्या जंगलात एकदा वाघ वीस पावलांवर उभा ठाकला होता, तेव्हाही त्याला इतका घाम फुटला नव्हता. वाघ निदान आधार कार्ड मागत नाही.

आता मुदत ठेव मोडायची, पैसे साहेबांच्या खात्यात टाकायचे. तपास झाला की परत. निवृत्तीचे नऊ लाख होते. शर्टाच्या खिशातलं पासबुक घामाने ओलं झालं होतं.

"साहेब, पानी पिऊ का जी?" त्याने विचारलं.

तेवढ्यात बाहेर स्कूटी थांबली. त्याची पोरगी निशा आलापल्ली गावातल्याच एका दवाखान्यात लॅबमध्ये कामाला होती. तेहतीस वर्षांची. दुपारी ती जेवायला घरी यायची आणि तिच्या ताटासोबत मुखरूचं प्रवचन ठरलेलं असायचं. अंथरूण पाहून पाय पसरावे, महिन्याकाठी थोडं बाजूला टाकावं, तुमच्या पिढीच्या हाताला भोकं आहेत. सहा वर्षं नोकरी करून पोरीच्या खात्यात काहीच शिल्लक नाही, हे दिवाळीनंतर कळल्यापासून तर त्याने तिचा पिच्छाच पुरवला होता. कुठे उडवले विचारलं की ती ताटाकडे बघत राही. मग "मोबाइल, कपडे, हॉटेल" असं उत्तरही तोच देऊन टाकी.

निशा दारात आली. मुखरूने डोळ्यांनीच तिला मागे जायची खूण केली. पोरगी त्या कॅमेऱ्यात दिसली तर सगळंच संपलं.

कोण आहे, हे निशाने विचारलंच नाही. मोबाइलकडे नजर जाताच तिचा चेहरा पांढरा पडला. मग ती सरळ पुढे गेली आणि तिने फोन कापला.

"काय केलं तू? आता पोलिसाची गाडी येईन आपल्या दारात."

"नाई येत, बाबा. बसा तुमी."

तो तिथेच जमिनीवर बसला. तिने पाणी आणलं. तो घटाघटा प्याला आणि रिकामा गिलास तिने परत घेतला.

"पैसे टाकले का?"

"नाई. बँकेतच निघालो होतो."

निशा मटकन त्याच्याशेजारी जमिनीवर बसली.

"गाडी येईन तर? तुले काय मालूम?"

"मी दोन दिवस त्या गाडीची वाट पाह्यली होती," ती म्हणाली. "दिवाळीच्या आधी. खिडकीपाशी बसून. कोनी नाई आलं."

मुखरूला आधी काहीच उमगलं नाही. मग ताटाकडे बघत बसणारी पोरगी त्याला आठवली.

"सगळे गेले?"

"सगळे."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

निशा गिलासाची कड पुसत राहिली. तीन तास आपण एका खोट्या माणसाला भ्यालो, याची मुखरूला लाज वाटत होती. पोरगी चार महिने कोणाला भीत होती, हे त्याला आता कोणी सांगायची गरज नव्हती.

खिडकीत फोन पुन्हा वाजू लागला. निशा दचकून उभी राहिली. मुखरूचेही गुडघे सवयीने हलले. त्याने पोरीचा हात धरून तिला खाली बसवलं आणि स्वतःही बसून राहिला.

"वाजू दे," तो म्हणाला.