बाबांच्या गुडघ्यातलं पाणी

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी ते फळीवर रंधा मारत होते आणि मी त्यांच्या गोळ्या मोजत होते. पाकिटात नऊ उरायला हव्या होत्या, नऊच होत्या. तरी मी कुंडीतली माती उकरून पाहिली.

"घरात फौजदार पाळलाय," ते आईला म्हणाले. "आता जीभ बाहेर काढायला लावेल."

"काढा मग. लहानपणी औषध मांजराला पाजायचात, सासूबाईच सांगायच्या."

"मांजर ठणठणीत होतं, हे नाही सांगितलं त्यांनी."

मी हसले नाही. सांध्यातलं पाणी प्रयोगशाळेत तपासणं हेच माझं काम. संधिवातात काही एन्झाइम कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, कुरतडत राहतात. बाबांच्या गोळ्या त्यांनाच आवर घालायला होत्या. पण त्यांच्या गुडघ्यातून काढलेल्या पाण्यात कूर्चेचे तुकडे दुपटीने वाढले होते. गोळ्या पोटात जात नसणार, दुसरं काय?

"रिपोर्ट खोटं बोलत नाही, बाबा."

त्यांनी रंधा खाली ठेवला. "बरं. मग मीच खोटा."

जेवताना ते फक्त आईशी बोलले. सकाळी छातीत कळ आली आणि ते गेले.

तीन आठवड्यांनी मी कामावरच्या फ्रीजरमधल्या जुन्या नळ्या आवरत होते. नळीत पाणी घेतलं की लगेच रोधकाचे दोन थेंब टाकायचे, नाहीतर एन्झाइम नळीतही कुरतडत बसतात आणि आकडे फुगतात. थेंब टाकले की झाकणावर निळा ठिपका. बाबांच्या झाकणावर ठिपका नव्हता. पहिला संशय मला शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा आला. नोंदवही काढली. त्या दिवशीची सही माझी होती आणि थेंबांचा रकाना कोरा.

तो भरायला एक पेन पुरलं असतं. मी वही मिटली आणि चार दिवस घरी गप्प राहिले.

पाचव्या दिवशी आई त्यांच्या पटाशा तेल लावून फडक्यात गुंडाळत होती.

"टाकायचे कुठे गं गोळ्या?" ती म्हणाली. "सगळं घर झाडलं, एक सापडली नाही. शेवटपर्यंत मला फसवत राहिले."

"नाही आई," मी म्हणाले. "ते रोज घेत होते. नळीत औषध घालायला मी विसरले. खोटे ते नव्हते, माझा रिपोर्ट खोटा होता."