कलिंगडाला पटका नव्हता

जहागीरदारांच्या मोटारीची मागची गादी ताहेराबीनं कात्रीनं उसवली, तेव्हा आतून आधी निघालं ते उंदराचं घर. मोठं टापटिपीचं घर. खाली नारळाचा काथ्या, त्यावर लाल मखमलीच्या चिंध्यांचं अंथरूण, आणि मधोमध डोळे न उघडलेली पाच गुलाबी पिल्लं.

"अहो, हिकडं या! तुमच्या मोटारीत बिऱ्हाड हाय."

हनीफनं मोटारीखालून डोकं बाहेर काढलं, पिल्लांकडं बघितलं आणि म्हणाला, "जहागीरदार हैदराबादेला गेले, पण खानदान हितंच ठेवून गेले म्हणायचं."

ताहेराबीनं पिल्लं चिंध्यांसकट सुपात घेतली, परसातल्या कडब्याच्या गंजीखाली नेऊन ठेवली आणि परत उसवायला बसली. उद्या हीच पिल्लं आपल्या ज्वारीवर येणार, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण तीन लेकरं वाढवलेल्या बाईचा हात तेवढ्यापुरता चालला नाही, एवढंच.

निजामाचं राज्य जाऊन नऊ वर्षं झाली होती. परंड्याच्या किल्ल्यामागं हनीफचं बैलगाड्या करायचं दुकान होतं, आणि त्याच्या दुकानासमोर ही काळी मोटार येऊन पडली होती. पडली होती म्हणजे खरंच पडण्यासाठीच तिचा जन्म. गावाबाहेरच्या ओढ्याच्या वळणावर ती जहागीरदारांना घेऊन एकदा नाही, तीनदा उलटली. पडद्यासाठी आणि ट्रंका ठेवण्यासाठी त्यांनी तिच्यावर उंच लाकडी टप चढवून घेतला होता. वळण आलं की टप एकीकडं आणि चाकं दुसरीकडं. तिसऱ्या वेळी टपच आत बसला. जहागीरदार खांदा धरून बाहेर आले आणि म्हणाले, "आता छकड्यानं जाईन. बैलाला निदान अक्कल असते." हनीफनं त्यांना नवा छकडा करून दिला आणि बदल्यात मोटार घेतली. मशीन जितं होतं. नाव मात्र पार गेलं होतं. अख्खं गाव तिला 'उलटी' म्हणे.

अशा मोटारीत कोण बसणार? तर ताहेराबीनं एकीला बसवायचं कबूल करून टाकलं होतं, तेही नवऱ्याला न विचारता.

ती एक म्हणजे धनगर वस्तीवरची म्हाळसाबाई. ताहेराबीची आई लवकर गेली. तिच्या तिन्ही बाळंतपणांत शेगडी पेटवली ती म्हाळसाबाईनं, लेकरांना पायावर घेऊन न्हाऊ घातलं तेही तिनंच. दोन वर्षांमागं म्हाळसाबाई विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि तिचा उजवा पाय लाकडासारखा ताठ होऊन बसला. बसच्या पायऱ्या तिला चढवेनात, आणि बैलगाडीत चार दिवस हिसके खाणं तिच्यानं होईना. थोरली बहीण नागम्मा दिली होती पार जळकोटला. दोन वर्षांत भेट नाही. आता नागम्माच्या नातवाचं लग्न निघालं होतं, वीस दिवसांवर. आमंत्रण आलं त्या दिवशी म्हाळसाबाई नुसती पायाला तेल चोळत राहिली. ते ताहेराबीला बघवलं नाही.

"अक्का, म्या नेते तुमाला. आमच्या मोटारीतनं."

म्हाळसाबाईचं तोंड उजळलं आणि तिच्या नवऱ्याचं, धुळाप्पाचं, काळवंडलं. मेंढरांमागं उभी हयात गेलेला माणूस. अंगानं काडी, पण डोक्यावर बारा हात लाल पटका, एवढा ऐसपैस की वस्तीवरच्या कोंबड्या त्याच्या सावलीला बसत.

"पोरी, मोटार उलटणार न्हाई असं मला सांगू नगंस," तो म्हणाला. "बैल बिथरतो, मोटार उलटती. ज्याचा त्याचा सोभाव. उलटल्यावर माजी बायको जशीच्या तशी भाईर निघंल का, तेवढं सांग. ते दाव, मग आमी दोगंबी बसतो."

ताहेराबी घरी आली आणि हनीफच्या ताटात भाकरी वाढता वाढता तिनं सगळं सांगून टाकलं. हनीफनं घास तसाच हातात धरला.

"तू कबूल केलंस, अन् दाखवायचं म्या?"

"मिस्त्री कोण हाय? म्या का?"

त्यानं दुसरी भाकरी मागितली. तो दुसरी भाकरी मागतो तेव्हा त्याच्या डोक्यात काम सुरू झालेलं असतं, हे ताहेराबीला सोळा वर्षांत पाठ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं तो टपच काढून फेकला. मग आतलं सगळं: मखमल, काथ्या, घोड्याचे केस, स्प्रिंगा, पडद्याच्या पितळी दांड्या, फळ्या. ड्रायव्हरची बैठक तेवढी ठेवली. दाणे काढून घेतलेल्या शेंगेसारखी मोटार आतून रिकामी झाली. समोरचा चहावाला दादामियाँ रोज येऊन बघे आणि विचारी, "हनीफभाई, दुरुस्त करायलास का दफन?"

"बैलगाडीला कमानी असतात का न्हाई?" हनीफ म्हणाला. "तशा हिच्या आत घालतो. लोखंडाच्या. वरनं पत्रा दबला तरी कमान दबायची न्हाई."

कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनातून त्यानं जाड पाइप आणले. परंड्यात त्या वेळी जोडकाम करायचं यंत्र नव्हतं, ते सोलापूरला. पण हनीफला त्याची गरजही वाटली नाही. त्यानं पाइपात सीना नदीची कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडं लाकडाच्या गुट्ट्यांनी बंद केली आणि मग तापवून वाकवला. वाळू असली की पाइप चेपत नाही, गोल गोल वळतो. आणि सांधे? गाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात तसे. लोखंडी कडं गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचं, दोन पाइपांच्या तोंडावर ठोकून बसवायचं आणि वर बादलीभर पाणी. कडं आक्रसतं आणि असं धरतं की पुन्हा सोडवायचं तर कापूनच काढावं लागतं. पाणी ओतायचं काम ताहेराबीकडं होतं. प्रत्येक वेळी वाफेचा लोट उठे आणि तिचं तोंड जांभळासारखं होई.

दोन कमानी, वर दोन आडव्या दांड्या, कोपऱ्यांना तिरके टेकू. वर साधा सपाट पत्रा, बाजू उघड्या. लांबून बघितलं तर पिंजराच.

"पोपट कवा आणतोस?" दादामियाँनं विचारलं.

"तुमीच बसा की. मिठू मिठू तर रोजच चालतंय तुमचं," ताहेराबी म्हणाली, आणि दादामियाँ आपल्या चुलीकडं वळला.

मग आली परीक्षा. धुळाप्पानं स्वतः बाजारातून एक कलिंगड निवडून आणलं, हातानं थोपटून थोपटून. "हे माजं डोस्कं समजा," तो म्हणाला. वाळूचं पोतं माणसासारखं उभं करून आत बांधलं, त्याच्यावर कलिंगड आवळलं. मोटार किल्ल्याच्या खंदकाच्या उतारावर आडवी उभी केली, दादामियाँची बैलजोडी दोरानं जुंपली आणि अर्ध्या परंड्यासमोर ओढली.

उलटायचं तिच्या अंगवळणी पडलेलंच होतं. ती एका कुशीवर गेली, पाठीवर गेली, पुन्हा कुशीवर आली आणि धुरळ्यात पडून राहिली. ताहेराबीनं पदर तोंडात धरला होता. धुळाप्पा वाकून आत शिरला आणि कलिंगड दोन्ही हातांत घेऊन बाहेर आला. ओरखडासुद्धा नव्हता. त्यानं ते तिथंच गुडघ्यावर फोडलं आणि पहिली फोड ताहेराबीच्या हातात दिली.

"मामा, सोताचंच डोस्कं फोडलंत की!" कुणीतरी ओरडलं.

"गोड हाय," धुळाप्पा म्हणाला. "कदी वाटलं नव्हतं."

राहिली गादी. ती ताहेराबीनं आपल्याकडं घेतली. दुखऱ्या पायाच्या बाईला न्यायचं पार जळकोटला. नक्की किती मैल तिला ठाऊक नव्हतं, पण खूप. एवढं लांब न्यायचं तर गादी कशी हवी? तिनं नवा कापूस पिंजून घेतला, जुन्या मखमलीतला धड भाग काढून धुतला आणि सहा दिवस बसून टाके घातले. तक्क्यासारखी जाड, कडक, उभी गादी झाली. म्हाळसाबाई मोटार बघायला काठी टेकत आली तेव्हा ताहेराबीनं तिचा हात धरून गादीवर फिरवला. म्हाळसाबाई म्हणाली, "लई चांगली केलीस गं," आणि मग गादीच्या काठावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिली. ताहेराबीला वाटलं, भरून आलं असेल.

निघायचा दिवस उजाडला. संध्याकाळपर्यंत जळकोट गाठायचं, रात्री हळद, सकाळी अक्षता. धुळाप्पा नवं धोतर नेसून आला होता. पटका तर असा बांधला होता की बघत राहावं. तो आत शिरला, गादीवर बसायला गेला, आणि पटक्यासकट मान एका खांद्यावर कलंडली.

वरची आडवी दांडी.

त्यानं सरळ व्हायचा प्रयत्न केला. पटका मागं सरकला. पुढं वाकला, पटका डोळ्यांवर आला. हनीफ घाईनं शेजारी बसला. त्याचं डोकं बेतानं का होईना मावत होतं. डोक्यावर त्याच्या होती कापडी टोपी. माप घेताना तोच बसला होता, जुन्या गादीएवढ्या उंच खोक्यावर, हीच टोपी घालून, वर चार बोटं सोडून. परंड्यातल्या निम्म्या डोक्यांवर काय असतं, हे त्या वेळी त्याच्या मनातच आलं नाही. आणि उरलेली चार बोटं ताहेराबीच्या कापसानं खाल्ली.

"खंदकात तर सगळं नीट झालं होतं," हनीफ पुटपुटला.

"कलिंगडाला पटका नव्हता," धुळाप्पा म्हणाला.

"मामा, पटका मांडीवर घ्या. जळकोटच्या शिवेला बांधा परत."

धुळाप्पानं त्याच्याकडं असं बघितलं की हनीफनं आपलीच टोपी चाचपली. "लग्नाला जायचं बोडक्या डोस्क्यानं? वाटंत बार्शी हाय, तुळजापूर हाय. दहा जण गाडी थांबवून इचारतील, मामा, कोण गेलं? त्यांना काय सांगू, आमी लग्नाला चाललो?"

बोलणं खरं होतं. दांडी काढायची म्हणजे कडी कापायची, पुन्हा तापवायची. दोन दिवसांचं काम. म्हाळसाबाई बाहेर काठीवर उभी होती. ती म्हणाली, "जाऊ द्या. न्हाई तर न्हाई. नागम्माला सांगावा धाडू." हे तिनं इतक्या सहज म्हटलं की ताहेराबीला नुसतं उभं राहवेना.

तिनं पदर खोचला. आत शिरली, दोन्ही हातांनी गादी धरली आणि ओढायला लागली. आपणच घट्ट बसवलेली, सुटता सुटेना. शेवटी एका हिसक्यानं ती गादीसकट बाहेर येऊन जमिनीवर बसली. सहा दिवसांचे टाके धुळीत.

"बैलगाडीत काय आपण गादीवर बसतो?" ती म्हणाली. आवाज जरा जास्तच मोठा झाला होता. "खालीच बसा मामा. मांडी घालून."

धुळाप्पा तळाच्या फळीवर मांडी घालून बसला. पटका आणि दांडी यांच्यात वीतभर जागा राहिली. त्यानं मान इकडं फिरवली, तिकडं फिरवली, आणि खांद्यावरचं घोंगडं अंथरून बायकोसाठी जागा केली. दोघांनी धरून म्हाळसाबाईला आत सरकवलं. तिनं ताठ पाय पार पुढपर्यंत लांब केला, कमानीला पाठ टेकली आणि "आई गं" म्हणाली. दुखलं म्हणून नाही, बरं वाटलं म्हणून.

ताहेराबी तिच्याकडं बघतच राहिली. "अक्का, तुमचा पाय वाकत न्हाई. त्या गादीवर तुमी बसणार तरी कशा होतात?"

म्हाळसाबाईनं खाली मान घातली. "कडंकडंनं बसले असते."

"एवढ्या लांब? मग त्या दिशी बोलला का न्हाई?"

"तू एवढं जीव लावून टाके घालत व्हतीस. कसं बोलू?"

ताहेराबीला हसू आलं, रडूही आलं. तिनं हसू तेवढं बाहेर येऊ दिलं. "खुळ्या हायसा तुमी अक्का," म्हणत ती तिच्या शेजारी शिरली आणि तो ताठ पाय तिनं आपल्या मांडीवर घेतला. पुढं एकटा हनीफ, गाडीवानासारखा. त्यानं मशीन सुरू केलं.

ओढ्याचं वळण आलं तेव्हा तिघांनीही तीन बाजूंच्या दांड्या धरल्या. हनीफ बिस्मिल्ला म्हणाला, धुळाप्पानं बिरोबाचं नाव घेतलं. उलटी सरळ निघून गेली.

जळकोटला पोचले तेव्हा दिवस मावळतीला टेकला होता आणि मांडवात हळकुंडं फुटत होती. मोटार आली म्हटल्यावर सगळा मांडव रस्त्यावर आला. सगळ्यांच्या पुढं नागम्मा, पांढरी, वाकलेली. तिनं डोळ्यांवर हात धरून आत बघितलं: लोखंडी दांड्या, दांड्यांमागं लाल पटका, पटक्यामागं बहीण.

"अगं बया," ती म्हणाली, "वाघीण पकडून आणली जणू!"

"तूच म्हणायचीस न्हवं, येत न्हाई, येत न्हाई," आतून म्हाळसाबाई म्हणाली. तिला उतरायचं होतं, पण दिवसभर लांब केलेला पाय आता अजिबात हलेना. हनीफ पुढं झाला, धुळाप्पानं हात दिला. म्हाळसाबाईच्या कपाळावर घाम आला.

"ऱ्हाऊ द्या," नागम्मा म्हणाली. "तिला कशाला काढता?"

आणि पंचाहत्तरीच्या त्या म्हातारीनं लुगड्याचा काठ वर धरला, दांडीला हात घातला आणि सरळ मोटारीत चढून घोंगड्यावर बहिणीला चिकटून बसली. मग हळदीची वाटी मोटारीत आली. नवरदेव पाया पडायला मोटारीत आला. पाहुण्या बायका एकेक करून दांड्यांमधून हात घालून म्हाळसाबाईच्या कपाळाला हळदीकुंकू लावून गेल्या. दोघी बहिणी एकाच वेळी बोलत होत्या आणि कुणीच ऐकत नव्हतं.

हनीफ जरा वेळानं ताहेराबीजवळ येऊन कुजबुजला, "जेवायला बसलेत सगळे. मोटार बाजूला लावायची होती, पण या उतरत न्हाईत."

"ऱ्हाऊ द्या हितंच," ताहेराबी म्हणाली. "चला, आपण जेवून घेऊ."