आधी फोन, मग हार

द्या ती पिशवी इकडं, बसा जरा. कोळंबी काय पळून जात नाय. दिवाळे गावच्या सुमित्राबाई कोळणीची गोष्ट सांगतो. ऐका, मग माझं एक काम करा.

त्या दिवशी सुमित्राबाई ओटीवर बसून घोळ मासा कापत होती. समोर धाकटा भाऊ नामा आणि मुलगा हरेश. सहज बोलावं तशी ती बोलली, "मी मेले का माझे डोले देऊन टाका."

नामानं कानाला हात लावला. "बाय, काय अभद्र बोलतंस! मानसानं अख्खं जावं."

"अख्खं?" सुरी थांबली. "नामा, तुझ्या पोटात कोनाची किडनी हाय रं?"

 तिचीच होती. त्याच्या दोन्ही बसल्या तेव्हा ह्याच ओटीवर बैठक झाली. बायको नाजूक, पोरं शिकतायत, उरली कोण? विधवा बहीण. ती आत सगळ्यांसाठी चहा गाळत होती. कप घेऊन बाहेर आली तोवर ठरूनसुद्धा गेलं होतं! मर्जीनं देताय ना, हे विचारलं कोणी? इस्पितळातल्या परक्या डॉक्टरीणबाईनं.

"मागितली असतीस तर दोन्ही दिल्या असत्या," सुमित्राबाई कडाडली. "मागितली नाय तुमी, घेतली! तवा देव आडवा आला नाय. आता माझ्या मनानं देते, तर लगेच अख्खी पायजे?"

"आये, लोक म्हनतील, पोरानं आयशीचे डोले काढले," हरेश म्हणाला.

"म्हनू दे. तुमची तोंडं बघून विटलेत ते. जातील कुठं तरी चांगल्या घरी."

नामाला हसू फुटलं. हरेश मात्र चिडला. "तू गेल्यावर मीच बघनार ना काय करायचं ते!"

 खरंच होतं ते. घरचे नाय म्हणाले की संपलं. मेलेलं माणूस काय उठून भांडणार हाय?

दुसऱ्या दिवसापासून तिनं गिऱ्हाइकं धरली. मासळी पिशवीत टाकायची, पण पिशवी सोडायची नाय. "ताई, मी गेले का तू ये. हरेशला सांग, आधी नेत्रपेढीला फोन, मंग हार." समोरची हो म्हणाली की मगच पिशवी सुटायची.

मीपन तिचंच गिऱ्हाईक, तसाच हो म्हणून बसलोय. पण एकट्याला हरेश दारातूनच हाकलील. चार आवाज झाले तर लाजेल. तुमी जवळच, सानपाड्यात राहता. बाई जाईल त्या दिवशी याल माझ्यासोबत?

पिशवी देतो हो. आधी हो म्हणा.