गोल कोपऱ्यांचा बॉक्स

माझा प्रोग्राम चुकत नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो. म्हणून नांदेडच्या श्रीमंतराव डॉक्टरांचा फोन आला तेव्हा माझा संशय सरळ पंचशीलावर गेला. डॉक्टरांच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती कॉम्प्युटरवर माझाच प्रोग्राम चालवते. भोकरच्या सरजाबाईंचं हिमोग्लोबिन तिनं दवाखान्याला फोनवर सहा पॉइंट दोन सांगितलं. तिकडं रक्ताची पिशवी चढवायची तयारी झाली, तेवढ्यात छापील रिपोर्ट पोचला. बारा पॉइंट सहा! नातेवाइकांनी लॅब डोक्यावर घेतली.

"उद्यापासून येऊ नको म्हणून सांगणार हाय तिला," डॉक्टर म्हणाले. "पण आधी तू बघून जा."

लातूरहून सकाळच्या गाडीनं गेलो. पंचशीला मान वर न करता म्हणाली, "हरिओमदादा, मला दिसलं तेच मी सांगितलं."

"हाव, सगळे असंच म्हणतात," मी म्हणालो. लई टोचून बोललो, आता लाज वाटते.

स्क्रीनवर हिमोग्लोबिनचा आकडा दाखवणारा बॉक्स माझा लाडका. विंडोजचा साधा पांढरा बॉक्स डॉक्टरांना भिकार वाटला, म्हणून तो रंगवायचं काम मी स्वतःच्या हातात घेतलं. गोल कोपरे, हिरवी कड. आतला आकडाही माझाच कोड रंगवतो, कमी असला की लाल. महिन्यापूर्वी बसवला तेव्हा स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती.

दुपारपर्यंत तिच्या मागं खुर्ची टाकून बसलो, पोलिसासारखा. बोट कुठं मारते, मोबाइल कधी बघते, सगळ्यावर नजर. एक चूक सापडंना. मी हाय म्हणून जपून करून राहिली, असंच वाटलं मला.

मग तिनं चहाचा कप दोन्ही हातांनी धरलेला असताना तपासणीच्या मशीनकडून पुढच्या पेशंटचा रिपोर्ट आला. स्क्रीनवर नाव बदललं. आकडा मात्र मागच्याचाच, पाच पॉइंट नऊ, लालभडक. कीबोर्ड-माऊसला तिचा हातही लागला नव्हता. मी स्क्रीनवरची प्रोग्रामची खिडकी खाली घेतली, परत वर आणली. चौदा पॉइंट एक!

आकडा आत बदलत होता, पण 'नवा आकडा रंगव' असं बॉक्सला सांगणारी ओळ मी लिहिलीच नव्हती. बॉक्सवर क्लिक केलं तर नवा आकडा दिसायचा, न्हाई तर जुनाच. कागदावर मात्र नेहमी खरा.

ती ओळ गुपचूप टाकली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण पंचशीला माझ्याकडं बघत होती. मी डॉक्टरांना बोलावलं.

"सर, चूक माझी आहे."

त्यांनी डोळे बारीक केले. "रडली का तुझ्यापुढं? वाचवून राहिला का तिला?"

मग त्यांच्यासमोर एकामागून एक पेशंटचे रिपोर्ट स्क्रीनवर उघडून दाखवले. तिसऱ्या नावालाही मागचाच आकडा दिसला तेव्हा ते मटकन खुर्चीत बसले. "तू राहा कामावर," तिला एवढंच म्हणाले.

पंचशीला हसली नाही. "सर, महिनाभर मी असेच आकडे फोनवर दवाखान्यांना सांगून राहिले." तिनं फोन ओढून माझ्यापुढं ठेवला.

"नंबर मी लावते. बोलायचं तुम्ही, दादा."