विलायती सोनकी

भैरूने शेणखताची तिसरी पाटी वाफ्यात रिकामी केली, वर बादलीभर पाणी ओतलं आणि कमरेवर हात ठेवून फुलांकडे पाहिलं. फुलांनी आणखीच मान टाकली.

"आता काय तूप-पोळी चारू व्हय?" तो त्यांच्यावर खेकसला.

पिंपरीच्या नव्या कारखान्यात उद्या मंत्री यायचे होते. फाटकाजवळ विलायती अ‍ॅस्टर फुलली की भैरूची माळ्याची नोकरी कायम, असा लक्ष्मणराव साहेबांचा शब्द होता. बी मुंबईहून आलं होतं. पण पेरण्याआधी बियाण्याला ऊन दाखवायचं ही बापजाद्यांची रीत. भैरूने ते सुपात घालून अंगणात ठेवलं आणि बायकोच्या कोंबड्यांनी अख्खी विलायत फस्त केली. पुढे तीन महिने तो साहेबांना "लांबचं बी हाय, सावकाश उगवतंय" असं सांगत राहिला. पाणी गळ्याशी आलं तेव्हा भामचंद्राच्या डोंगरावरून दोन पाट्या सोनकी मुळासकट उपटून आणली. पिवळीधमक, ऐन भादव्यातली रानफुलं.

डोंगरावर कातळाच्या फटीत, चिमूटभर मातीत ही मजेत डोलायची. इथे मेजवानी मिळूनही रुसली होती. भैरूला फार वाईट वाटलं. पिकाला उपाशी कसं ठेवायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. चौथी पाटी भरायला तो वळला, तर मागे साहेब उभे.

लक्ष्मणराव म्हणजे कडक इस्त्री आणि त्याहून कडक पुणेरी बोलणं.

"हीच का आपली अ‍ॅस्टर?"

"व्हय साहेब. हितली हवा मानवंना तिला."

साहेब वाकले. एक फूल दोन बोटांत धरून त्यांनी उलटसुलट पाहिलं आणि बराच वेळ उठलेच नाहीत. गेली नोकरी, भैरूने मनाशी म्हटलं.

"हे खत सगळं काढून टाक. बांधकामावरचा मुरूम आणून घाल. आणि पाणी बंद."

"विलायती फुलांना मुरूम, साहेब?"

"विलायतीच म्हणायचं. उद्या मंत्र्यांनाही मी तेच सांगणार आहे."

साहेब चार पावलं गेले, थांबले. आसपास कुणी नाही हे पाहून परत आले.

"त्यातली मूठभर बाजूला ठेव रं," ते हळूच म्हणाले. "परवा गौरी हायत. आमची आई सोनकीबिगर गौर घरात घेत न्हाई."